पंच्याऐंशी फूट कार्पेट

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा. सकाळी ७

नवीन वर्ष, नवीन डायरी. संकल्प एकच.

११ मे, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटं. चौफुल्याजवळचं लॉन्स. भाची तेजश्री हिला दोन्ही हातांवर उचलून गेटपासून स्टेजपर्यंत न्यायचं. मी तिचा मामा. सख्खा, एकुलता एक. ती सहा वर्षांची असताना शब्द दिलाय की तेजू, लग्नात तुझे पाय जमिनीला लागू देणार नाही. लॉन्सवाल्याला फोन करून कार्पेटची लांबी विचारली. पंच्याऐंशी फूट. तेजूचं वजन चोपन्न किलो. माझं वय एक्केचाळीस, छाती बेचाळीस. विषय संपला.

८:३०. गुढी पडली. बांबू खराब. तुमचा डावा पाय उंबऱ्याला अडकला, असं सुलक्षणा (बायको) म्हणाली. पाय अडकत नसतो, उंबरा वर आलाय. गुढीचा तांब्या शेजारच्या कोंडिबा आप्पांच्या खांद्यावर बसला. आप्पा म्हणाले, वरसाच्या पयल्याच दिवशी माणूस मारतो व्हय रं? वडीलधारे आहेत म्हणून सोडलं. बांबू गुडघ्यावर धरून मोडायला गेलो. मोडला नाही. मी पडलो. मग कोयत्यानं त्याचे सात तुकडे केले.

आता बरं वाटतंय.

मंगळवार, १ एप्रिल

पुण्याच्या डॉक्टरनं ऑगस्टमध्ये एमआरआय काढून एमएस म्हणून काहीतरी लिहून दिलंय. मल्टिपल स्क्लेरॉसिस. मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं कव्हर निघतं म्हणे, वायरचं निघतं तसं. मग मेंदूची ऑर्डर पायापर्यंत नीट पोचत नाही.

माझी ऑर्डर पोचत नाही! रविराज सिक्युरिटीचे चौतीस गार्ड रांजणगाव एमआयडीसीत तीन गेटवर उभे आहेत. लग्न, यात्रा, उद्घाटन यांना बाउन्सर वेगळे. एवढ्या सगळ्यांना माझी ऑर्डर पोचते आणि माझ्याच डाव्या पायाला पोचत नाही? नस दबली आहे, बास. फाइल कपाटात, सुलूच्या साड्यांखाली.

आज दुसऱ्या पाळीची पट्टी टेस्ट घेतली. हा शोध माझा. गेटसमोर वीस फूट पांढरी पट्टी मारली आहे. ड्यूटीवर येणाऱ्यानं तिच्यावरून सरळ चालायचं. पाय पट्टीबाहेर गेला की पिऊन आलाय. तोंड खोटं बोलतं, पाय बोलत नाही. आजवर अकरा जणांना काढलं. गेल्या वर्षी पोपट नावाचा गार्ड रडायला लागला. साहेब, कानात बिघाड हाय, गरगरतंय, हवं तर तोंडाचा वास घ्या, म्हणाला. दोन कानाखाली दिल्या. वास कशाला घ्यायचा? नियम म्हणजे नियम. विषय संपला.

पूर्वी पट्टीवर चालून मी स्वतः दाखवायचो. हल्ली सुमित दाखवतो. सुमित माझा हेड बाउन्सर. एकशे दहा किलो, अतिशय आज्ञाधारक. मोठ्या एजन्सीत मालक डेमो देत नसतो.

शुक्रवार, ४ एप्रिल. पहाटे ५:४०

सराव सुरू. वडगावातून नदीकडं जाणारी, उसातली गाडीवाट. युरियाचं पंचेचाळीस किलोचं पोतं दोन्ही हातांवर.

अठरा पावलं. मग पोतं पडलं. म्हणजे मी पोत्यावर पडलो. पोतं फुटलं. रागानं लाथ घातली. चप्पल उसात गेली, अंगठ्याचं नख पोत्यात राहिलं.

विश्लेषण: पोत्याला गळ्यात हात टाकता येत नाही. तेजूला येतो. पोतं सहकार्य करत नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

गावात बिबट्या आलाय. कोंडिबा आप्पांनी गाडीवाटेवर खुणा दाखवल्या. एका अंगाला पाऊल, दुसऱ्या अंगाला धुळीत सलग रेघ. शिकार ओढीत नेतोय, वजनदार हाय गडी, म्हणाले. मी खाली वाकून बघितलं. (उठायला दोघांनी मदत केली. धुळीत पकड नसते.) जाणकार म्हणून मत दिलं की मादी आहे, अडीच वर्षांची, आणि डाव्या बाजूनं ओढते.

गावाला भीती वाटत असताना सिक्युरिटीवाल्यानं गप्प बसणं बरं नाही. दहा पोरं आणि आप्पा अशी तुकडी केली. ऑर्डर दिली की पहाटे दबा धरायचा, हालचाल दिसली की आधी काठी, मग चौकशी. वन खात्याचं मी बघतो.

बुधवार, ९ एप्रिल. दवाखान्यातून

पाठीत सात. मांडीवर चार. कोपरावर एक, तिथं तीन टाके. सरावाचं पोतं अंगावर होतं म्हणून डोकं वाचलं. मी ओरडलो, अरे मी आहे, मी! तर कोण तरी म्हणालं, बोलतोय, बोलतोय, हाणा! एकाच्या पोटरीला चावलो. त्यानं तर त्यांची खात्रीच पटली.

सगळ्यात जोरात कोंडिबा आप्पांची बसली. पाडव्याचा तांब्या विसरलेला नाही म्हातारा.

मात्र बिबट्या आता येणार नाही. बंदोबस्त यशस्वी. सराव तूर्त बंद, जखमांमुळे. पायांमुळे नाही.

रविवार, १३ एप्रिल. पाटसला यादी

नवरा मुलगा सत्यजीत. पोरगा सरळ आहे. पण त्या घरात चालतं ते त्याच्या आजोबांचं, हौसराव आबांचं. साखर कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, पंचक्रोशीत शब्दाला वजन. आज तिथं देण्याघेण्याची, मानपानाची यादी करायची होती.

काय मान दिला! पायऱ्यांना नवा लोखंडी कठडा बसवला होता. रंग ओला. खास मामांसाठी केलाय, म्हणाले. उंबऱ्याच्या आतच खुर्ची. आबा स्वतः खांदा पुढं करून उभे. मामा, टेका हात, म्हणाले. मुलीच्या मामाला एवढा मान देणारं घर तालुक्यात दुसरं नसेल. मी हात टेकला. आबांच्या पांढऱ्या शर्टवर हिरवा पंजा उठला.

चहा आला. आणि माझा डावा पाय सुटला. मी सोडला नाही, सुटला. गुडघा फळीसारखा ताठ झाला आणि बूट खालून ट्रेला लागला. सहा कप चहा आबांच्या धोतरावर. ट्रे आबांच्या हनुवटीवर. ओठ फुटला, रक्त आलं. माझी बहीण रंभाताई मट्कन खाली बसली.

आबा म्हणाले, असू द्या, असू द्या. हुतं असं. धोतर काय धुता येतं.

मोठा माणूस. पण कोपऱ्यातून त्यांचा कोणी पुतण्या पुटपुटला की दिवसाढवळ्या टाकून आलाय गडी. त्याचा जबडा काढून हातात द्यायला उठलो. सोफ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलो आणि पुन्हा बसलो. वाचला.

परत येताना सुलूनं बोलेरो चालवली. हल्ली तीच चालवते, मला फोन फार असतात. चौफुल्याच्या सिग्नलला मला एकदम सुचलं. पिऊन आलाय! यापेक्षा चांगलं काय?

नीट लिहून ठेवतो. आजार पाटसला कळला तर काय होईल? रक्तातला आहे म्हणतील. आज मामाला, उद्या भाचीला, परवा तिच्या पोरांना. डॉक्टर म्हणाला होता की तो तसा येत नाही. पण ते पाटसच्या भावकीला कोण समजावणार? सोयरीक मोडेल. साखरपुडा होऊन मोडलेली पोरगी, वरून बाप नाही. ताई मरेल.

आणि पिणारा मामा? तो घरटी एक असतोच. लग्नात त्याला दोघं धरतात, जेवू घालतात, गाडीत झोपवतात. दारुड्या मामामुळं लग्न मोडलेलं कुणी ऐकलंय?

निर्णय. आजपासून चारचौघांत पाय घसरला तर मी प्यायलोय. घसरणार नाहीच. पण घसरला तर.

सोमवार, १४ एप्रिल

आयुष्यात थेंब घेतलेला नाही. हे इथं लिहून ठेवतो, बाहेर आता सांगता येणार नाही. आमचे वडील पीत. दाजी, म्हणजे तेजूचे बाबा, पिऊन कॅनॉलमध्ये पडले. तेजू चार वर्षांची होती. मी त्या दिवशी केडगावच्या गुत्त्यावर जाऊन कॅन फोडले आणि मालकाचे पुढचे दोन दात पाडले. तेव्हा पाय कसे होते माझे! भिंतीवरून उडी मारून गेलो होतो आत.

पुरे.

सोमवार, २१ एप्रिल. पुणे

डॉक्टरनं पंचवीस फूट चालायला लावलं आणि घड्याळ लावलं. मागच्या वेळी अकरा सेकंद, आज अठरा. प्रगती. घाई करत नाही आता मी, दमानं चालतो.

त्याला ते पटलं नाही. काठी घ्या, पायाला प्लास्टिकचा पट्टा लावा, पाऊल लोंबतंय. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडं जा. गरम पाण्यानं आंघोळ नको, उन्हात जाऊ नका, उष्णतेनं पाय आणखी जातात. ओझं तर अजिबात नको. मी विचारलं, चोपन्न किलो? त्याला वाटलं मी थट्टा करतोय. म्हणाला, लग्नात सावलीत खुर्चीवर बसा, भाचीला आशीर्वाद द्या.

मी म्हणालो, बाहेर या जरा. काडी पहिलवान आहे, एका फटक्यात भिंतीला चिकटला असता. तो बाहेर आला. माझा दंड धरला आणि लिफ्टपर्यंत सोडायला आला. गर्दी होती, म्हणून काही केलं नाही.

शनिवार, २६ एप्रिल

सुलूनं शिरूरहून काठी आणली. घडीची, रबरी बुडाची. मी ती भीमेत फेकली. संध्याकाळी दाराआड दुसरी. तीही फेकली. सुलू भाकरी थापता थापता म्हणाली, फेका, मी सहा आणल्यात. आन् नदीला पाणी न्हाई, दोन्ही हितनं दिसत्यात.

भाकरीचा तवा उचलला. तापलेला होता. लगेच ठेवला. बोटांना फोड.

शनिवार, ३ मे

लग्नाचा बंदोबस्त आपल्या एजन्सीचा, माझ्याकडून आहेर. बारा बाउन्सर, काळे टी-शर्ट, पाठीवर पिवळ्या अक्षरांत माझं नाव.

तेजू स्वतः आली होती. केडगावच्या मेडिकलमध्ये काउंटरला असते, माझ्या गोळ्याही तीच पाठवते. म्हणाली, मामा, साखरपुड्याला मी एकच अट घातली होती. पिलेला माणूस मांडवात नको, त्यांच्याकडचा नको आणि आपल्याकडचाही नको. आबांनी शब्द दिलाय. आपल्याकडचा शब्द तुम्ही द्या.

आठवलं. साखरपुड्याला ही आबांना बाजूला घेऊन अर्धा तास चिंचेखाली बोलत बसली होती. मला वाटलं नोकरीचं चाललंय. तर हे होतं.

शब्द दिला. मी पीत नाही, म्हणून तो मोडायचा प्रश्नच नाही. पिलेला दिसणं आणि पिलेला असणं यात फरक आहे. अट असण्याला आहे.

जाताना तेजू म्हणाली, उचलायचं राहू दे मामा. हात धरून चालू आपण दोघं. मी हसलो. पोरीला माझी काळजी. मग ती गेल्यावर भिंतीवर बुक्की मारली. भिंत आहे तशीच आहे.

संध्याकाळी ब्रीफिंग घेतलं. वास आला, झोक गेला, की उचला आणि पार्किंगमध्ये टाका. विचारपूस नाही. माझा बाप उठून आला तरी. सुमितनं विचारलं, सर, आन् नात्यातलं मोठं माणूस असलं तर? एक ठेवून दिली, लक्षात राहावं म्हणून. नातं बघायचं नाही! तो म्हणाला, ओके सर.

शुक्रवार, ९ मे

इन्शुरन्स म्हणून एक क्वार्टर घेतली. प्यायची नाही. ऐन वेळी पाय घसरला तर कॉलरवर टोपणभर शिंपडायची. वासाशिवाय प्यायलेलं कोण मानणार?

ओळख लागू नये म्हणून हेल्मेट घालून दुकानात गेलो. गाडी सुलूकडं होती, म्हणून चालत. हेल्मेट घालून चालत आलेला माणूस बघून सगळं दुकान दाराकडं वळलं. काउंटरवर तोच. केडगावचा गुत्तेवाला. आता लायसन्सचं दुकान टाकलंय, पुढचे दोन दात सोन्याचे. आवाजावरून ओळखलं मला. क्वार्टर कागदात गुंडाळून दिली आणि म्हणाला, या साहेब. शेवटी समदे हितंच येत्यात.

ते दोन सोन्याचे पण पाडणार होतो. हेल्मेटमध्ये घाम येऊन काही दिसेना. पायरी चुकली. फुटपाथवर आडवा. आतून हसण्याचा आवाज आला तो अजून कानात आहे.

बाटली फुटली नाही.

शनिवार, १० मे. हळद

ऊन. हळदीच्या पाटाशी वाकताना डावा पाय सुटला. हळदीचं ताट उडालं. डीजेवाला पिवळा झाला आणि हसला. त्याचा स्पीकर ढकलून दिला. तो उठला, मी उठलो, लोकांनी सोडवलं. मला चार जणांनी धरलं होतं, त्याला कुणीच नाही.

ताई रडत म्हणाली, रव्या, खुर्चीवर बसून राहा की उद्या. तेजूला बी तसंच बरं वाटंल. खुर्ची! खुर्ची उचलून आपटली. प्लास्टिकची होती, तिसऱ्या प्रयत्नाला तुटली.

उद्या दाखवतो.

रविवार, ११ मे. सकाळी ६

तयार. घरातल्या घरात वीस पावलं, भिंत फक्त चार वेळा. सुलू थंड पाणी काढते म्हणाली. लग्नाच्या दिवशी गार पाण्यानं आंघोळ सुतकात करतात. कडक पाणी घेतलं. शेरवानी, फेटा. क्वार्टर आतल्या खिशात, डाव्या बाजूला.

दुपारी १:२०. पार्किंग. बोलेरोची मागची सीट

डायरी गाडीतच होती म्हणून लिहितोय. क्रमानं लिहितो.

१२:१०. एक्केचाळीस डिग्री. गेटवर तेजू. हिरवा शालू. कार्पेटच्या कडेनं दर पंधरा फुटांवर एक खुर्ची ठेवलेली, वर छत्री, शेजारी गार पाण्याची बाटली. कुणी ठेवल्या? आबांनी, मामांसाठी, असं सुमित म्हणाला. पाचशे माणसांसमोर माझ्यासाठी खुर्च्यांची रांग! पहिल्या खुर्चीला लाथ घातली. लागली नाही.

तेजूनं हात पुढं केला. मामा, नुसता हात धरा, म्हणाली. मी म्हणालो, गप, चढ हातावर. वाकलो. वाकलो आणि तिथंच राहिलो. पाय ओल्या पोत्यासारखे. कसाबसा सरळ झालो, तिला न उचलता एक पाऊल टाकलं, दोन, तीन. सातव्या फुटावर डावा पाय जमिनीला खिळला. निघेचना. हजार डोळे. समोर आबा उठून उभे राहिले, माझ्याकडं यायला निघाले. मला वाटलं, झालं. आता म्हाताऱ्याला कळणार. आता मोडतंय लग्न.

खांबाकडं वळलो. टोपणभर म्हणत होतो, हात थरथरून अख्खी क्वार्टर छातीवर रिकामी झाली. मग जेवढा झोक जात होता त्याच्या दुप्पट घेतला. ओरडलो. मी पितो! कुणाच्या बापाचं जातं? मामा आहे मी, मामा! एकाचा फेटा उडवला. वाजंत्रीवाल्याचा ताशा लाथेनं फोडला, ही लाथ मात्र लागली.

सुमित आला. वास घेतला. मी हळूच म्हणालो, सुमित, मी आहे. तो म्हणाला, सर, ऑर्डर तुमचीच हाय. नातं बघायचं न्हाई.

नाकावर ठोसा दिला त्याला. रक्त आलं. त्यानं ते पुसलंही नाही. मला दोन्ही हातांवर उचललं आणि कार्पेटवरून, गेटमधून, पाचशे माणसांच्या मधून पार्किंगपर्यंत नेलं. एकदाही टेकवलं नाही. सगळ्या वाटेत माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

१२:२५. तेजू आली. शालू दोन्ही मुठींत धरून पळत. गाडीचं दार उघडलं, वास घेतला आणि माझ्या कानाखाली दिली. हिरव्या बांगड्यांतली एक फुटून माझ्या गालात रुतली. आयुष्यात मला कुणी मारलं नव्हतं, बिबट्याचा प्रसंग सोडला तर.

म्हणाली, आजाराचं मी आबांना साखरपुड्यालाच सांगितलं होतं. सगळं. ते म्हणाले, त्यात काय, मामांना जपू आपण. कठडा त्यांनी केला, खुर्च्या त्यांनी ठेवल्या. आत्ता ते तुम्हाला हात द्यायला उठले होते. आणि तुम्ही पिऊन आलात? माझ्या बाबांसारखे?

मी म्हणालो, तेजू, शपथ, प्यायलो नाही. नुसती अंगावर ओतली.

ती म्हणाली, बाबा पण हेच म्हणायचे.

गेली. ताईचा हात धरून चालत गेली कार्पेटवरून. मला गाडीतून दिसलं. पंच्याऐंशी फूट, पायानं.

मंगलाष्टका इथं ऐकू येत होत्या. खिशात अक्षता होत्या, दारूत भिजलेल्या. काचेतून बाहेर टाकल्या. बॉनेटवर पडल्या.

रडू येतंय. ऊन लागलंय.

सोमवार, १२ मे

साड्यांखालून फाइल काढली. गावभर दाखवली. हा बघा एमआरआय. हे पांढरे ठिपके बघा. मला आजार आहे! कोंडिबा आप्पांनी फिल्म उन्हात धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, व्हय की. दारूनं मेंदू असाच सडतो.

त्यांची काठी हिसकावून घ्यायला गेलो. त्यांनी सोडली नाही. थोडा वेळ आम्ही दोघं तिच्याच आधारानं उभे होतो.

गुरुवार, १५ मे

शेरवानीच्या खिशात रिकामी क्वार्टर सुलूला सापडली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बाटली देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली आणि तिच्याकडं बघत बसली.

मग फाइल घेऊन एकटी पाटसला गेली. आबांनी सगळी वाचून घेतली. म्हणाले, आजार खरा हाय, ते आमाला ठावं हाय. पण बाटली बी खरीच हाय की. तेजूचा निरोप आहे की मामा व्यसनमुक्ती केंद्रातनं पास होऊन येईपर्यंत ती मांडव परतणीला येणार नाही. वडगावचं नावही काढणार नाही.

ती पोरगी मी खांद्यावर वाढवली. जातो म्हणालो.

सोमवार, १९ मे. दौंडकडचं एक केंद्र. सकाळी ११

सुलू सोडून गेली. पिशवीत दोन शर्ट, गोळ्या, फाइल आणि काठी. चौथी.

इथं सकाळची हजेरी घेणारा माणूस वर्गात आला आणि मी ओळखलं. पोपट. माझ्या गेटवरचा. मी काढल्यावर खरंच प्यायला लागला, इथं आला, सुटला, आता इथंच नोकरीला आहे. कानात मशीन लावलंय. डाव्या. मी दिल्या होत्या तो डावा होता की उजवा, आठवत नाही.

मागं अंगणात घेऊन गेला. जमिनीवर पांढरी पट्टी. वीस फूट. पद्धत तुमचीच हाय साहेब, म्हणाला. मी हितं चालू केली.

चाललो. तिसऱ्या पावलाला डावा पाय पट्टीबाहेर. परत चाललो. दुसऱ्या पावलाला. तिसऱ्यांदा उभाच राहता आलं नाही, त्यानं धरलं. मग मी म्हणालो, पोपट, मला एमएस आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस. मला चालता येत नाही. एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच म्हणालो. अंगणातली सगळी माणसं वळून बघायला लागली. हवं तर तोंडाचा वास घे, म्हणालो.

त्यानं घेतला. जवळ येऊन, नीट. मी त्याचा घेतला नव्हता.

म्हणाला, तुम्ही प्यायलेलं न्हाई साहेब. मी म्हणालो, मग सोड. तो म्हणाला, ते माझ्या हातात न्हाई. पाय पट्टीबाहेर गेला की पिऊन आलाय, असा नियम हाय. तुमचाच. हप्त्यानं परत टेस्ट. विषय संपला.

मारेल असं वाटलं होतं. मारलं नाही त्यानं. खुर्ची आणून दिली. सावलीत.

दुपारी ४

संकल्प. सात दिवसांत पट्टी सरळ. मग पास, मग तेजू परतणीला. वीस फूट म्हणजे काय, पंच्याऐंशीच्या चौथाईपेक्षाही कमी. उद्या पहाटे ५ पासून अंगणात सराव.

काठी बरोबर घेईन. इथं कुत्री फार आहेत.